नागपुरातल्या फ्रेंच उपाहारगृहात सॅल्मनच का?

धंतोलीकर

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात बाहेर जेवण्याचे प्रकार पुष्कळ वाढले. सुशी मिळते, लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो, आणि आता पांढऱ्या चादरी, काट्या-सुऱ्यांच्या एकाहून अधिक जोड्या आणि ठरलेल्या क्रमाने येणारे पदार्थ असे उंची फ्रेंच जेवणही मिळू लागले आहे. नुकतेच अशा एका ठिकाणी सहकुटुंब जाणे झाले. त्या जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका जागेविषयी नाही. इंदूर, रायपूर किंवा औरंगाबादेतही चित्र फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

आधी चांगले ते लिहितो. वाढणारी मुले तत्पर होती, पण डोक्यावर उभी नव्हती. पाव त्यांच्याच भट्टीतला होता, वरून कडक आणि आतून ओलसर, आणि संपला की न मागता पुन्हा येत होता. कांद्याच्या सूपातला कांदा खरोखर तासभर मंद आचेवर परतलेला होता, हे पहिल्या घोटाला कळले. दोन पदार्थांमध्ये इतका वेळ जात होता की आमच्या वडिलांनी दोनदा घड्याळ पाहिले, पण अशा जेवणात तो वेळ हाही जेवणाचाच भाग असतो, हे मला मान्य आहे.

मला खटकले ते मेन्यूकार्ड. मासा होता नॉर्वेचा सॅल्मन. भाजी म्हणून परदेशी ॲस्पॅरॅगस होते, गोडात गोठवलेल्या रास्पबेरी होत्या, आणि बदकाबरोबरचा संत्र्याचा सॉस बाटलीतल्या अर्कापासून केलेला होता. हे मी तर्काने लिहीत नाही, विचारल्यावर कॅप्टननेच मोकळेपणाने सांगितले. बाहेर रस्त्यावर हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागलेले असण्याचे ते दिवस होते. संत्रानगरी म्हणून मिरवणाऱ्या शहरात, ऐन हंगामात, संत्र्याचा सॉस बाटलीतून यावा याची गंमत वाटली आणि थोडा रागही आला.

माझा प्रश्न असा आहे. फ्रेंच जेवण म्हणजे फ्रान्समध्ये जे जिन्नस वापरतात ते विमानाने आणून शिजवणे, की फ्रेंच स्वयंपाकाची जी शिस्त आहे ती हाताशी असलेल्या जिनसांना लावणे? मला दुसरे उत्तर बरोबर वाटते. ज्यांनी फ्रान्समध्ये राहून खाल्ले आहे किंवा ज्यांनी अशा किचनमध्ये काम केले आहे, त्यांनी जरूर लिहावे.

अंबाझरी

धंतोलीकर, आपला मुद्दा ऐकायला गोड आहे, पण जो ग्राहक तिथे जातो त्याचा विचार आपण केलेला दिसत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला माणूस घरी न मिळणारे खाण्यासाठी पैसे मोजतो. तळ्यातला रोहू आपल्याकडे बुधवारच्या जेवणातही असतो. त्याच रोहूला फ्रेंच नाव देऊन कोणी चौपट भाव लावला, तर पहिल्याच आठवड्यात इंटरनेटवर लोक त्याची टर उडवतील. सॅल्मन हा त्या मेन्यूवरचा मासा कमी आणि ग्राहकाला दिलेली खातरी जास्त असतो. ती खातरी मिळते म्हणून लोक येतात, आणि लोक येतात म्हणून ती भट्टी पेटते. तत्त्वासाठी भट्टी विझवायची का, हा माझा उलटा प्रश्न आहे.

जुना_ल्योंकर

नोकरीनिमित्त माझे फ्रान्समधल्या ल्यों शहरात दीर्घ वास्तव्य झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. धंतोलीकरांच्या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सच्या नकाशातच आहे.

आपल्याकडे असा समज आहे की उंची फ्रेंच जेवण म्हणजे पॅरिस. प्रत्यक्षात विसाव्या शतकातली शेफांची कित्येक थोर घराणी छोट्या गावांत उभी राहिली, आणि त्याला कारण होते एक रस्ता. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ सुमारे हजार किलोमीटरचा होता. मोटारी असलेले श्रीमंत लोक उन्हाळ्यात त्या रस्त्याने जात आणि वाटेत मुक्काम करत. टायर बनवणाऱ्या मिशलँ कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली ती याच ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून, कारण लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील. १९२६ मध्ये तिने चांगल्या उपाहारगृहांना तारा द्यायला सुरुवात केली. पुढे एक, दोन आणि तीन ताऱ्यांची उतरंड आली, तीही १९३१ मध्ये आधी प्रांतांसाठी, आणि पॅरिसला ती १९३३ मध्ये लागू झाली. तीन ताऱ्यांचा अर्थ, केवळ तिथे जेवण्यासाठी प्रवास करावा अशी जागा. ल्योंजवळच्या वियेन गावात शेफ फेर्नां प्वां यांना तीन तारे मिळाले ते १९३३ मध्ये. त्याच वर्षी ल्योंच्या युजेनी ब्राझिए या बाईंना त्यांच्या दोन्ही उपाहारगृहांसाठी तीन-तीन तारे मिळाले, आणि त्यांतले एक तर शहराबाहेर डोंगरावर होते. व्हालान्सचे पिक घराणे आणि रोआनचे त्र्वाग्रो घराणे त्याच रस्त्यावरचे. रोआनची वस्ती आपल्या काटोलहूनही कमी आहे. शेफ मिशेल ब्रा यांचे लागिओल हे तर हजार-बाराशे वस्तीचे, थंड पठारावरचे खेडे.

अशा गावांत स्वयंपाक्याला पॅरिसच्या बाजारातला माल रोज मिळणे शक्यच नव्हते. नदीतला मासा, शेजारच्या शेतकऱ्याचे लोणी आणि परसातला पाला यांवरच त्याला नाव कमवायचे होते, आणि त्याने ते कमवले.

आता आपल्या सॅल्मनविषयी. फ्रेंच जेवणातला सॅल्मनचा सर्वांत गाजलेला पदार्थ त्याच रोआनमध्ये, १९६०च्या दशकात, जाँ आणि पिएर त्र्वाग्रो या बंधूंनी केला. रोआन ल्वार नदीवर आहे आणि त्या नदीत सॅल्मन समुद्रातून वर चढून येत असे, म्हणजे तो त्यांच्यासाठी जवळचाच मासा होता. त्यांनी माशाचे पातळ काप करून ते क्षणभरच तव्यावर टाकले, आणि खाली पांढरी वाइन, माशाचा स्टॉक (हाडे-काटे उकळून काढलेले पाणी), छोटे कांदे आणि सायीचा सॉस देऊन त्यात शेवटी सॉरेल नावाची आंबट पालेभाजी हाताने फाडून घातली. सॉरेलची शास्त्रीय प्रजाती रूमेक्स आहे. आपल्या बाजारात जुडीने मिळणारा आंबट चुका त्याच प्रजातीतला आहे.

तेव्हा नागपुरात या पदार्थाचा फ्रेंचपणा राखायचा असेल, तर नॉर्वेहून मासा आणण्याची गरज नाही. भंडारा-गोंदियाच्या तलावांतली मरळ आणि गोकुळपेठच्या बाजारातला चुका घेतला, तर तो त्या दोन भावांच्या विचाराच्या जास्त जवळ जाईल असे माझे स्पष्ट मत आहे.

अंबाझरी, आपल्या ग्राहकाविषयी एवढेच लिहितो की वियेनला थांबणारा मोटारवालाही श्रीमंत होता आणि त्यालाही घरी न मिळणारेच हवे होते. तो जो अनुभव विकत घेत होता तो कौशल्याचा होता.

अंबाझरी

ल्योंकर, इतिहास मान्य आहे, पण त्या मोटारवाल्याला फ्रेंच स्वयंपाक लहानपणापासून ओळखीचा होता, त्यामुळे कौशल्य कुठे आहे हे त्याला कळत होते. आमच्या ग्राहकाला ते कळत नाही, म्हणून तो जिनसाची किंमत पाहतो. हा फरक आपण उडवून लावू शकत नाही.

भट्टीवरचा

मी या धंद्यात आहे. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत फ्रेंच विभागात काम केले आणि आता नागपुरात आहे, म्हणून किचनच्या बाजूने लिहितो. ल्योंकरांचे म्हणणे मला पटते, पण ते अमलात आणताना कुठे अडते हेही वाचकांना कळले पाहिजे.

सॅल्मन मेन्यूवर असण्याचे मुख्य कारण प्रतिष्ठा नाही, सोय आहे. तो काटे काढून, साफ करून, हवाबंद पाकिटात येतो. प्रत्येक तुकडा सारख्या वजनाचा कापता येतो. त्याच्या अंगात चरबी भरपूर असल्याने नवशिक्या पोराने अर्धा मिनिट जास्त ठेवला तरी तो खाण्याजोगा राहतो. मरळीचे तसे नाही. तिचे मांस घट्ट आणि कमी चरबीचे असते, जरा जास्त शिजली की कोरडी पडते, आणि ती बाजारात जिवंत मिळते ती घेऊन लगेच साफ करावी लागते. हे काम करणारा हात ठेवायचा तर पगार वाढतो. रोहू आणि कतल्याची अडचण वेगळी आहे, त्यांच्या मांसातच दुफाटी बारीक काटे असतात आणि सूट घालून बसलेल्या पाहुण्याला ते तोंडातून काढायला लावणे बरे दिसत नाही.

मात्र गंमत अशी की फ्रान्समध्ये हाच प्रश्न सुटलेला आहे. तिथल्या नद्यांतल्या पाइक माशालाही असेच दुफाटी काटे असतात. म्हणून ल्योंच्या बाजूला त्याचे मांस कुटून, चाळणीतून काढून, अंडे, लोणी आणि साय घालून लांबट गोळे करतात, ते पाण्यात उकडतात आणि त्यावर गोड्या पाण्यातल्या झिंग्यांसारख्या प्राण्याचा सॉस घालून भाजतात. त्याला केनेल म्हणतात. रोहूचे केनेल आणि वर मालगुजारी तलावातल्या झिंग्यांचा सॉस हा पदार्थ मी कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी करून पाहिला आहे, आणि तो उत्तम होतो. मेन्यूवर आणायला मालकांची परवानगी अजून मिळालेली नाही. त्यांचे म्हणणे अंबाझरी यांच्यासारखेच आहे.

दुसरी अडचण साय. बाजारात डब्यात मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. फ्रेंच सॉसला तीस-पस्तीस टक्क्यांची साय लागते, कारण कमी स्निग्धांशाची साय आटवताना आणि विशेषतः आंबट जिन्नस पडल्यावर फुटते. चुक्याचा सॉस करायचा तर ही पहिली काळजी घ्यावी लागेल. लोण्यातही तिथला दंडक ८२ टक्के स्निग्धांशाचा आहे आणि आपल्याकडचा ८०चा. दोन टक्क्यांनी काय होते असे वाटेल, पण पदरांची पेस्ट्री लाटताना तेवढे जास्तीचे पाणी जाणवते.

आणि पेस्ट्रीचे म्हणाल तर आपला मे महिना. बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा असताना लोणी लाटणे म्हणजे वेळेशी झुंज असते, कारण लोणी तिशीच्या आसपासच मऊ पडून पिठात मुरते आणि पदर सुटत नाहीत. ज्यांच्याकडे पेस्ट्रीसाठी वेगळी वातानुकूलित खोली नाही, ते उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकतात किंवा गोठवलेले तयार पीठ मागवतात. एप्रिल ते जून या काळात कोणी आपल्याला सहस्रपदरी काही वाढले, तर ते कुठून आले हे विचारायला हरकत नाही.

काही गोष्टी तर कायद्यानेच बंद आहेत, त्याबद्दल किचनला दोष देऊ नये. हंसाच्या किंवा बदकाच्या फुगवलेल्या यकृताची, म्हणजे फ्वा ग्राची, आयात भारताने २०१४ मध्ये बंद केली. महाराष्ट्रात गायीबरोबरच २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने बरगंडीचा वाइनमध्ये शिजवलेला बैलाच्या मांसाचा पदार्थ जसाच्या तसा होऊ शकत नाही. काही जण म्हशीचे मांस वापरतात, आम्ही बोकडाच्या नळ्या आणि खांदा वापरतो. खरे सांगायचे तर नागपूरकरांना मटण कसे असावे हे शिकवण्याची हिंमत कोणत्याही शेफने करू नये. सावजी भोजनालयात ज्याची जीभ तयार झाली आहे, त्याला शिळे किंवा जून मटण वाइनखाली लपवून खपवता येत नाही.

गोकुळपेठेतली_गृहिणी

चर्चा माशा-मटणाचीच चालली आहे, म्हणून विचारते. आमच्या घरी सासूबाई आणि मी शाकाहारी आहोत, आणि मुलांना अशा ठिकाणी जायचे असते. मेन्यूवर हिरवा ठिपका असला तरी मला खातरी वाटत नाही. आम्ही नेमके काय विचारावे आणि काय मागवावे, हे भट्टीवरचे दादा सांगतील का?

भट्टीवरचा

ताई, आपली शंका रास्त आहे, कारण फ्रेंच स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही असू शकते. कांद्याचे सूप मूळ पद्धतीत गोमांसाच्या स्टॉकवर होते, आपल्याकडे बहुधा कोंबडीच्या हाडांवर. तेव्हा सूपाखालचा स्टॉक कशाचा आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. दुसरा प्रश्न जिलेटिनचा, थंड गोड पदार्थांत ते असते आणि ते प्राण्यांपासूनच काढतात. तिसरा प्रश्न चीजचा. आपल्याकडे तयार होणाऱ्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरतात, पण कोंते किंवा रोकफोरसारख्या पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या अथवा कोकराच्या पोटातले रेनेट असते. अंडे चालत नसेल तर तेही स्पष्ट सांगावे, कारण क्रेम ब्रुले हे मुळात अंड्याचा बलक आणि साय यांचेच बनते, आणि पेस्ट्रीवर चकाकी यावी म्हणून अंडे फासलेले असते. वाइन चालते की नाही, हे सॉसच्या बाबतीत सांगून ठेवावे.

मागवायचे तर ग्रातँ दोफिन्वा मागवावे. बटाट्याचे पातळ काप, दूध, साय, लसूण आणि जायफळ, बस्स. जुन्या पद्धतीत त्यात चीजही नसते. रातातुई हा दक्षिणेकडचा वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीचा पदार्थ आहे, आणि चांगल्या किचनमध्ये यातली प्रत्येक भाजी वेगळी परतून मग एकत्र करतात. एकत्र शिजवून लगदा केलेला आला तर परत पाठवायला संकोच करू नये. आमच्याकडची वांगी या पदार्थाला फार चांगली पडतात. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र आधी कळवल्याशिवाय जाऊ नका, कारण कांदा, गाजर आणि सेलरी हा जवळजवळ प्रत्येक सॉसचा पाया असतो.

जुना_ल्योंकर

शाकाहारासंबंधी एक भर घालतो. पॅरिसचे शेफ अलँ पासार यांनी २००१ मध्ये आपल्या तीन ताऱ्यांच्या उपाहारगृहातून लाल मांस काढून टाकले आणि तारे टिकवले. २०२५ मध्ये तर मध सोडून प्राणिजन्य असे सर्वच त्यांनी थांबवले. मी आधी ज्या लागिओल गावाचा उल्लेख केला, तिथला प्रसिद्ध पदार्थही मुख्यतः कोवळ्या भाज्या, पाने आणि फुले यांचा आहे, आणि त्यातला प्रत्येक जिन्नस आपापल्या वेळाने शिजवलेला असतो. नागपूरच्या पावसाळ्यात तरोटा, कुंजरू, अंबाडी, घोळ अशा किती रानभाज्या येतात! अंबाझरी यांना जी जिनसाची दुर्मिळता हवी आहे ती इथे मिळेल, कारण शहरातल्या तरुण पिढीने यांतल्या अर्ध्या भाज्या चाखलेल्याच नाहीत.

इतवारीचा_वाचक

एक साधा प्रश्न आहे. इतक्या काट्या-सुऱ्यांमधून कोणती उचलायची, आणि पावाला हात लावला तर लोक हसतात का?

जुना_ल्योंकर

बाहेरच्या बाजूची जोडी आधी, मग आत-आत. पाव हातानेच तोडायचा असतो, सुरीने कापायचा नसतो. खाऊन झाले की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवावी, म्हणजे वाढपी ताटली उचलतो. चीज गोडाच्या आधी येते आणि कॉफी गोडानंतर. एवढे पुरते. बाकीचे कोणी पाहत नाही, आणि पाहत असेल तर तो स्वतःच घाबरलेला असतो.

हिशेबनीस

बिलाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. स्वतंत्र उपाहारगृहात जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या उपाहारगृहात तो १८ टक्के होतो. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, त्यामुळे बिलात त्याची ओळ वेगळी असायला हवी.

सेवाशुल्क हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते आपोआप बिलात लावू नये असे मार्गदर्शक तत्त्व काढले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. सेवा आवडली तर खुशीने द्यावे, पण ते छापून आले म्हणून भरलेच पाहिजे असे नाही. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो, आणि जेवणाबरोबर पाव आणि साधे पाणी यांचे पैसे घेत नाहीत. आपल्याकडच्या उंची जागांनी निदान पाण्याच्या बाबतीत हा फ्रेंचपणा उचलावा. बसल्याबरोबर महागडी बाटली उघडायची आणि साधे पाणी मागितल्यावर चेहरा पाडायचा, ही पद्धत कोणत्या देशाची आहे ते मला ठाऊक नाही.

काटोलचा_बागायतदार

धागा वाचत होतो, पण संत्र्याच्या बाटलीचे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच नागपुरात बाहेरचा अर्क वापरतात हे बागायतदाराला लागणारच. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत असते आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे सहा महिने ताजे फळ दारात आहे. मृगाचे फळ जास्त गोड आणि गडद रंगाचे असते.

तरीही किचनवाल्यांची एक अडचण मला समजते, ती मांडतो. आमच्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडू होतो. बियांत आणि पडद्यांत जे द्रव्य असते त्याचे रसात लिमोनिन होते आणि कडूपणा चढतो. रसाचे कारखाने या फळाला नाके मुरडतात ते यामुळेच. तेव्हा शेफलोकांनी बाटली का धरली हे कळते, पण सकाळी रस काढून रात्री वापरण्याऐवजी रात्रीच काढला तर हा प्रश्न उरतो कुठे?

भट्टीवरचा

दादा, आपण फार मोलाचे लिहिले. बदकाच्या सॉसला तर तो कडूपणा थोडा हवाच असतो. मूळ फ्रेंच सॉस बिगाराद नावाच्या कडू-आंबट संत्र्याचा आहे, आपले संत्रे त्याच्या मानाने फारच गोड पडते, म्हणून आम्ही साखर कॅरमल करून त्यात व्हिनेगर ओततो आणि मग रस घालतो. कारखान्याला जो दोष वाटतो तो या पदार्थात गुण ठरू शकेल. फक्त तो किती चढू द्यायचा याचा अंदाज घ्यावा लागेल, कारण रस आटवला की कडूपणाही आटून दाट होतो.

साल मात्र मला त्रास देते. बाजारातल्या चकचकीत फळांवर मेण लावलेले असते आणि सॉसमध्ये सालीचा वरचा थर किसून घालावा लागतो. मेण न लावलेले, बागेतून थेट आलेले, लहान-मोठे कसेही फळ मिळाले तर मला ते जास्त उपयोगी पडेल.

काटोलचा_बागायतदार

असे फळ आमच्याकडे भरपूर निघते आणि त्याला भावच मिळत नाही. आकाराने लहान म्हणून व्यापारी ते बाजूला काढतो.

जुना_ल्योंकर

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. क्रेप सुझेत हा पातळ धिरड्यांचा गोड पदार्थ आजकाल सगळीकडे मोठ्या संत्र्यांच्या रसात करतात. पण ओग्युस्त एस्कोफिए यांच्या १९०३ च्या ग्रंथात, जो फ्रेंच व्यावसायिक स्वयंपाकाचा पाया मानला जातो, त्यासाठी मँडरिन या सैल सालीच्या संत्र्याचा रस आणि क्युरासाओ हे संत्र्याच्या सालीचे मद्य सांगितले आहे. नागपुरी संत्रे हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मँडरिनच आहे. म्हणजे या एका पदार्थात आपले फळ पर्यायी ठरत नाही, ते मूळ कृतीतल्या फळाचेच भाऊबंद आहे.

अंबाझरी

हे मात्र मला पटले, आणि पटण्याचे कारणही लिहितो. एस्कोफिएच्या कृतीतले फळ म्हणजे नागपुरी संत्र्याची जात, हे वाक्य मेन्यूकार्डावर छापता येते. ग्राहकाला खातरी हवी असते असे मी म्हटले होते, ती नॉर्वेच्या नावाने मिळते तशी एस्कोफिएच्या नावानेही मिळेल. रोहूच्या केनेलबाबत मी अजून साशंक आहे. मरळ चालेल, कारण ती महाग असते हे नागपुरात सर्वांना ठाऊक आहे.

शिवाय ग्राहक बदलतोही आहे. मिहान औद्योगिक क्षेत्रात दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग तयार होतात, त्यामुळे कामानिमित्त फ्रेंच माणसे शहरात येऊन राहतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून गाडीने येणारे मुंबईकरही दिसतात. यांतला कोणीही नागपुरात येऊन सॅल्मन मागणार नाही, हे मी मान्य करतो.

धंतोलीकर

सर्वांचे आभार. मला एक व्यवहाराची गोष्ट विचारायची आहे. आम्ही सात-आठ जण पुन्हा जाणार आहोत. मरळ आणि चुका, आणि गोडात ताज्या संत्र्याचे क्रेप, असे आधी सांगितले तर किचन ऐकते का? की मेन्यूबाहेरचे मागणे हा उद्धटपणा समजला जातो?

भट्टीवरचा

ऐकते, पण रीत पाळावी लागते. शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या रात्री आमच्याकडे श्वास घ्यायलाही वेळ नसतो. मंगळवार किंवा बुधवार धरावा. टेबल राखून ठेवताना फोन घेणाऱ्या मुलीला सांगून भागत नाही, शेफशी बोलायचे आहे असे म्हणावे आणि दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान फोन करावा, तेव्हाच आम्ही मोकळे असतो. दोन दिवस आधी कळवावे. सर्व टेबलाला एकच मासा घ्यावा, चार जणांना मरळ आणि तिघांना दुसरे काही असे केले तर कोणीही नाही म्हणेल. थोडी आगाऊ रक्कम देण्याची तयारी दाखवावी, म्हणजे जिवंत मरळ आणून ठेवल्यावर बेत रद्द होईल ही भीती आम्हाला राहत नाही. चुका हिवाळ्यात कोवळा मिळतो, उन्हाळ्यात तो निबर आणि फार आंबट होतो, म्हणून हा बेत फेब्रुवारीच्या आतच करावा.